त्या म्हाताऱ्याची बाजू

अहो, शॉनी लोकांची गावं कशी होती ते मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. अमेरिकेत ओहायो नदीचं खोरं, झाडांच्या सालींनी मढवलेली घरं, मधोमध सभेचं मोठं घर आणि नदीच्या काठाकाठानं मक्याची शेतं. त्या शेतांना फौजेनं कितीदा आग लावली आणि बायकांनी कितीदा परत पेरलं, तेही सांगेन. तुमच्या स्वतःच्या गावात तुमच्या घराचं दार कुठल्या दिशेला होतं, ते मात्र मला माहीत नव्हतं. सतरा वर्षं संसार केला तुमच्याशी. परक्या मुलखातल्या एका जमातीचा सगळा इतिहास तुम्ही मला सांगितलात आणि स्वतःच्या गावाचं एक अक्षर नाही. मला इतका राग आलाय की रडायचंसुद्धा राहून गेलंय.

लोक येतात, सोफ्यावर बसतात, "भला माणूस होता हो," म्हणतात. मी चहा टाकते. दुबईच्या जेबेल अलीच्या यार्डातली, तुमच्या हाताखालची वेल्डर पोरं आली होती, हेल्मेटचे वळ कपाळावर तसेच. म्हणाली, "भाभीजी, शंकरभाईने कभी आवाज़ नहीं चढ़ाया." मी मान हलवली. मनात म्हटलं, आवाज चढवायला आधी तोंड उघडावं लागतं बाबांनो.

गावाहून परत आले आणि आता मी खोकी भरतेय. तुमचा व्हिसा खलास म्हणजे आमचाही खलास, तुम्हाला माहीतच होतं. शारजाचा हा फ्लॅट सोडायचा, मानसीच्या शाळेतून दाखला काढायचा. परवा समोरच्या वहिनी म्हणाल्या, "बघा, आपलं पण त्या तुमच्या रेड इंडियनांसारखंच, इतकी वर्षं राहून शेवटी निघा म्हणतात." मी म्हटलं, वहिनी, आपण हौसेनं आलो, विमानात बसून, त्यांच्या मागे बंदुका होत्या. तुम्हीही हेच बोलला असतात, फक्त गोड आवाजात.

पण या सगळ्याच्या आधी तुमच्या राखेचा प्रश्न होता, आणि त्यात तुम्ही मला अडकवून गेलात.

आठवतंय का, मानसी लहान होती, आपण सुट्टीला गेलो होतो आणि तुमचे चुलतचुलते वारले. तुमचं मूळ गाव धरणात गेलेलं, माणसं घाटाखाली रायगडातल्या वसाहतीत आणून टाकलेली. तिथे रीतच आहे, कोणी गेलं की राख घेऊन जीप करायची, घाट चढून धरणावर जायचं, होडीतून जिथे खाली गाव आहे तिथे पाण्यात सोडायची. सगळे निघाले. तुम्ही निघाला नाहीत. पोटात दुखतंय म्हणालात. आणि परतीच्या गाडीत, मी काही विचारलेलं नसताना, म्हणालात, "सुमन, माझं काही झालं तर मला त्या पाण्यात नको. खाडीत टाक, समुद्रात टाक, तिथं नको." मी "का?" म्हटलं. तुम्ही खिडकीची काच वर केलीत. मी "बरं" म्हणून बसले. तेवढ्या एका "बरं"नं माझे हात बांधलेत तुम्ही.

वॉल्टरशी मात्र तुमचं तोंड चालायचं. अमेरिकेतल्या ओक्लाहोमाहून आलेला तो वेल्डिंग इन्स्पेक्टर, जाड भिंगांचा चष्मा, आडवा बांधा, नाकाच्या शेंड्यावर राग. चौऱ्याण्णव-पंच्याण्णवची गोष्ट. तुमच्या गँगचे वेल्डिंगचे जॉइंट त्यानं नापास केले आणि तुम्ही घरी येऊन त्याच्या नावानं बोटं मोडलीत. यार्डातले केरळी त्याला फिलिपिनो समजायचे, फिलिपिनो त्याला मेक्सिकन समजायचे. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तुम्ही त्याला विचारलंत, जे आपण मराठी माणसं ओळख झाली की पहिलं विचारतो, "मूळ गाव कुठलं?" तो म्हणाला, किती मागं जाऊ? ओक्लाहोमा, त्याच्या आधी कॅन्सस, त्याच्या आधी ओहायो, आणि त्याच्याही आधीचं आमच्या आजीलाच माहीत. मी शॉनी आहे.

त्या दिवशी घरी आलात ते बूटसुद्धा न काढता बोलत होतात. माझ्या लक्षात आलं होतं. तुम्हाला कोणी मूळ गाव विचारलं की तुम्ही "सातारा जिल्हा" म्हणून विषय बदलायचात. आणि इथे एक माणूस होता ज्याला तीन मूळ गावं होती आणि तिन्ही तो जेवता जेवता सांगत होता.

मग शुक्रवार त्यातच जायला लागले. तो कुठूनशी पुस्तकं मागवायचा, तुम्ही वाचायचात, आणि दुपारी वरणभात झाला की मला आणि मानसीला प्रवचन. मी भांडी घासता घासता ऐकायची. शॉनींचे ते दोघे भाऊ, एक लढणारा आणि एक दृष्टांत होणारा, त्यांनी सगळ्या जमातींना सांगितलं की जमीन सगळ्यांची आहे, एकट्यादुकट्यानं ती विकायची नाही. मोठा भाऊ लढाईत पडला. मला तो आवडायचा. मानसीला तर फारच. आणि मग यायचा तुमचा तो म्हातारा मुखिया.

तुमचाच म्हणते, कारण दुसऱ्या कोणाला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. तरुणपणी तोही लढला होता. नंतर थकला. तहावर सही केली. म्हणाला, आता लढून पोरं मरतील, त्यापेक्षा गोऱ्यांचा नांगर घेऊ, गिरणी बांधू, शेती करू, मग आपल्याला कोण हलवेल. त्या दोघा भावांच्या मागे त्यानं आपली माणसं जाऊ दिली नाहीत. राजधानीला जाऊन आपल्या जमिनीचा कागद मागितला. त्यांचा सातबाराच म्हणा. दिला नाही. आणि शेवटी, नांगर धरलेला, गिरणी चालवलेली, शब्द पाळलेला, तरी त्याच्याही लोकांना उठवलंच. ऐन थंडीत चालत चालत कॅन्ससला पोचली ती माणसं. म्हातारा मात्र निघायच्या आधीच मेला होता.

"सुटला," तुम्ही म्हणायचात. दर वेळी.

आणि दर वेळी आपलं भांडण. मी म्हणायची, त्यानं सही केली नसती तर? तुम्ही म्हणायचात, त्यानं काय विकलं? त्यानं घरं वाचतील म्हणून केलं. मी म्हणायची, वाचली का? एकदा मी म्हणाले, आणि मला शब्द न् शब्द आठवतोय, "असलीच माणसं असतात, पहिली मान डोलावणारी. त्यांच्यामुळे बाकीच्यांचे हात कापले जातात." तुम्ही ताटावरून उठलात. आमटी तशीच. खाली जाऊन रोला चौकात भर उन्हात फिरत बसलात, एवढ्या उकाड्यात कुत्रंही बाहेर पडत नाही. परत आलात तेव्हा मानसीनं विचारलं, "बाबा, व्हाय आर यू सो अपसेट? ही डाइड टू हंड्रेड इयर्स अगो." तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवलात आणि टीव्ही लावलात. मला माहीत असतं तर बोलले असते का मी तसं? मी त्याचं वाईट वाटून घेणार नाही. ते तुमच्या गप्प बसण्याच्या खात्यावर.

सगळं वाईटच होतं असंही नाही, नाही तर मी इतकी चिडले नसते. ममझारच्या किनाऱ्यावरचा तो फुटबॉल. वॉल्टरनं नियम सांगितले, त्यांच्याकडे वसंतात भाकरीचा नाच असतो, त्याच्या आधी बायका विरुद्ध पुरुष असा सामना. पुरुषांनी फक्त पायानं मारायचं, बायकांनी चेंडू हातात घेऊन पळालं तरी चालतं. हरेल त्यानं नाचासाठी लाकूडफाटा आणायचा. मी साडीचा पदर खोचून चेंडू काखेत मारून पळाले आणि तुम्ही दोघे बाप्ये वाळूत धापा टाकत मागे. तुम्ही इतके हसलात की खाली बसलात. लाकूडफाट्याच्या ऐवजी तुम्ही गाडीतून कोळशाची पिशवी आणलीत. मी मक्याची भाकरी केली होती, वॉल्टर म्हणाला, आमच्यापेक्षा पातळ आहे पण चालेल. त्या संध्याकाळसाठी मी तुम्हाला बरंच काही माफ केलं असतं.

चारचौघांत चिडलेलं तुम्हाला मी एकदाच पाहिलं. मंडळाच्या गणपतीला वॉल्टरला घेऊन गेलो होतो. कोणीतरी पोरांच्या फॅन्सी ड्रेसचा पुठ्ठ्याचा पिसांचा मुकुट आणला आणि त्याच्या डोक्यावर ठेवून फोटो काढायला लागले. तुम्ही तो मुकुट ओढून काढलात आणि ताडताड सांगितलंत की यांच्यात असली पिसं नसतात, यांचे बापजादे डोक्याला कापड गुंडाळायचे, आपल्या फेट्यासारखं. गाडीत वॉल्टर म्हणाला, "शंकर, मी मोदक मिळेपर्यंत तो ठेवणार होतो." तुमचा चेहरा पाहून मला हसू फुटलं. पण मनात म्हटलंच, याच्या डोक्यावरच्या पिसासाठी एवढं भांडलात, तेवढं आपल्या कशासाठी कधी?

आणि मग ते पेढे. त्या पेढ्यांचा राग माझा अजून गेलेला नाही.

वॉल्टरच्या लोकांचं काय झालं होतं, ते कॅन्ससहूनही निघाले तेव्हा त्यांना दुसऱ्या एका मोठ्या जमातीच्या मुलखात बसवलं, आणि सरकारदरबारी त्यांची गणतीही त्याच जमातीत. शंभराहून जास्त वर्षं. स्वतःचा नाच होता, स्वतःची भाषा होती, कागदावर नाव दुसऱ्याचं. स्वतःचं नाव दोन हजार साल संपता संपता कायदा होऊन परत मिळालं. वॉल्टर नाताळच्या सुट्टीहून आला आणि त्यानं तुम्हाला सांगितलं. तुम्ही बर दुबईला जाऊन दोन किलो पेढे आणलेत. यार्डात वाटले, बिल्डिंगमध्ये वाटले, वॉचमनला दिले. लोक मला विचारत होते, "काय, मुलगा झाला का?" काय सांगू? ओक्लाहोमातल्या शॉनींना नाव मिळालं म्हणून?

त्याच्याच आदल्या जुलैत आपण सुट्टीला गेलो होतो. वसाहतीतल्या लोकांची बैठक होती. तुमच्या गावाचं नावसुद्धा कागदावर राहिलेलं नाही, वसाहत शेजारच्या गावाच्या ग्रामपंचायतीत मोडते, तर आपलं नाव परत मागायचं म्हणून. तुमचे दादा स्वतः फोन करून म्हणाले, "शंकर, तू शिकलेला आहेस, ये." तुम्ही आम्हाला महाबळेश्वरला घेऊन गेलात. स्ट्रॉबेरीचा हंगामही नव्हता. पावसात, धुक्यात, हॉटेलच्या खोलीत पत्ते खेळत बसलात. सहा महिन्यांनी तेच तुम्ही वॉचमनला पेढा भरवत होतात. त्या रात्री मी विचारलं, "आपल्या गावाचं नाव कोण आणणार? वॉल्टर?" तुम्ही कूस बदललीत.

तुमच्या अंत्यसंस्काराला वॉल्टर आला होता. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात टोपी. सगळे पांगल्यावर माझ्याजवळ आला. म्हणाला, "तो मला दर वर्षी एकच गोष्ट विचारायचा. लढाईचं नाही. त्या म्हाताऱ्याच्या पोराबाळांचं. बाकीचे लोक त्यांच्याबरोबर जेवायला बसायचे का, हे विचारायचा." मी म्हटलं, मग तू काय सांगायचास? वॉल्टर म्हणाला, "मी म्हणायचो, त्यात काय विचारतोस? त्यांची नातवंडं आणि लढणाऱ्यांची नातवंडं आमच्याकडे एकाच मैदानात नाचतात. तो आमचाच म्हातारा आहे. त्याला टाकून कसं चालेल?" आणि म्हणाला, "पण त्याचं समाधान व्हायचं नाही. पुढच्या वर्षी परत तेच." मला तेव्हा काहीच कळलं नाही. मी नुसतं थँक्यू म्हटलं.

कळलं ते वसाहतीत. मी कलश घेऊन पोचले, मानसी बरोबर. दादांनी जीप ठरवूनच ठेवली होती. मी म्हटलं, भाऊजी, यांनी त्या पाण्यात नको म्हणून सांगितलंय. दादांनी सुपारी कातरली, अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "आबांना तिथं नेलं नव्हतं ना. म्हणून."

आबा, तुमचे वडील, गावचे पोलीस पाटील. धरणाचे साहेब आले तेव्हा त्यांनी सगळ्यांच्या आधी कागदावर सही केली. म्हणाले, आता सरकार आपलंच आहे, आधी होकार दिला तर जमीन चांगली मिळेल, भांडून शेवटी जावंच लागणार. पाटलानं केली म्हणून गावानं केली. आणि मग घाटाखाली आणून सोडलं ते असल्या कातळावर की नांगराचा फाळ वाकायचा, आणि ती जमीन आधीपासून कसणारे तिथले लोक काठ्या घेऊन उभे. गावाला चिडायला साहेब कुठे सापडणार? आबा सापडले. तुमच्या घरी कोणी पाणी प्यायचं बंद झालं. शाळेतही तुम्ही वेगळे बसायचात, दादा म्हणाले. आबा वारले तेव्हा राख वर न्यायला गावातलं कोणी निघालं नाही. "त्यांनी एकदा गाव दिलंय ना पाण्याला, आता पुरे," असं कोणीतरी बोललं. तुम्ही दोघा पोरांनी ती मागच्या ओढ्यात सोडलीत आणि घरी आलात.

गावावर राग आला, आबांवर आला, त्या साहेबांवर आला ज्यांची नावंसुद्धा कोणाला आठवत नाहीत, आणि सगळ्यात जास्त तुमच्यावर. अहो, मला सांगितलं असतंत तर मी काय तुम्हाला घराबाहेर काढलं असतं? मी तुमच्या त्या शॉनी म्हाताऱ्याला नावं ठेवत होते आणि तुम्ही माझ्यासमोर बसून बापाची वकिली करत होतात, त्याचं नावही न घेता. ओहायोतल्या माणसाची बाजू घेता येते, बापाची घेता येत नाही, हा कुठला न्याय? तुम्ही लहान होतात, तुमचं काय चुकलं होतं? बैठकीला गेला असतात तर कोणी एखादा वाकडं बोलला असता. बोलू द्यायचं होतं. मी होते ना बरोबर. माझं तोंड तुम्हाला माहीत नव्हतं का?

मग मी जे केलं ते ऐका. मी तुमचं ऐकलं नाही.

मी दादांना म्हटलं, तो ओढा दाखवा. ते म्हणाले, आता काय आहे तिथं, चिखल आहे नुसता. मी म्हटलं, तोच हवाय. मानसीनं तिच्या पाण्याच्या बाटलीत तो चिखल भरला, हात कोपरापर्यंत माखले तिचे. दादा म्हणाले, "सुमन, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, भाऊजी, म्हणू देत. इतकी वर्षं गप्प राहून काय पदरात पडलं? आणि वसाहतीच्या मधल्या रस्त्यानं, मुद्दाम मधल्याच, सगळ्यांच्या ओट्यांसमोरून, मी एका हातात तुम्हाला आणि दुसऱ्या हातात आबांना घेऊन जीपपर्यंत चालत गेले. दोन ओट्यांवरची माणसं आत गेली. एक म्हातारी काठी टेकत आली आणि न विचारता जीपमध्ये पुढच्या सीटवर बसली. "पाटलाचा धाकटा ना?" एवढंच म्हणाली.

धरणावर वारा होता. होडीवाल्याला जागा माहीत होती, सगळ्यांना तिथंच न्यायची सवय त्याला. मी आधी बाटली उपडी केली, मग कलश. पाणी थोडं गढूळ झालं आणि परत होतं तसं झालं. मानसी काठाकडे बघत नव्हती, खाली बघत होती. म्हणाली, "काका, विच वन वॉज अवर हाऊस?"

दादांनी आयुष्यात कोणाला सांगितलं नसेल ते. त्यांनी हात लांब केला. इकडे देऊळ, इकडे चावडी, तिथून खाली उतरलं की फणसाचं झाड आणि त्याच्या पलीकडे आपलं घर. म्हातारी म्हणाली, "फणस नव्हे रे, आंबा." दोघं त्यावर वाद घालायला लागले, होडीत बसून, भर पाण्यात. मानसी दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. मी विचारलं, "आणि दार? दार कुठल्या बाजूला होतं?"

"पूर्वेला," दोघंही एकदम म्हणाले.

पूर्वेला होतं. मानसीला माहीत झालं, मला माहीत झालं. आता तुम्ही आणि आबा त्याच दारात बसा, आणि सतरा वर्षांत मला न सांगितलेलं सगळं एकमेकांना सांगा. माझा राग जायचा नाही. हे मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.